राखलेलं पोट

त्या पावसाळ्यात रोशनच्या पोटाची जेवढी राखण झाली, तेवढी त्याच्या बापाच्या, भिवाजीच्या, संत्र्याच्या बागेचीही कधी झाली नाही. बाग पांढुर्ण्याहून तिगावकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. तिला काटेरी तारेचं कुंपण होतं आणि एक भुंकरं कुत्रं होतं. रोशनच्या पोटाला त्याची आई जयवंता होती आणि तिच्यापुढे तार, कुत्रं सगळं फिकं. सव्वीस वर्षांचा, मिशी राखलेला, ट्रॅक्टर चालवणारा पोरगा संध्याकाळी घरी आला की ती त्याला दारातच अडवायची.

“तोंड उघड.”

“माय, मी काय लहान पोट्टं आहे का आता?”

“उघड म्हटलं ना!”

मग ती जवळ जाऊन वास घ्यायची. समोशाचा, तंबाखूच्या खर्र्याचा, लग्नातल्या पंगतीचा, कसलाच वास नको. वास नसला की त्याला आत घ्यायची आणि ताट वाढायची. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, पालेभाजी, एक केळं आणि वरून गिलासभर ताक. रोज तेच. रोशनला तिगाव टेशनावरचे समोसे जिवापाड आवडायचे. गाडी नसली तरी तो समोशासाठी टेशनावर जायचा. त्यानं ते सोडले, आणि कुरकुर केली ती एवढीच, की मी काय लहान पोट्टं आहे का.

ही सगळी राखण त्याच्यासाठी नव्हती, त्याच्या बहिणीसाठी होती. ते त्याला ठाऊक होतं, म्हणून तो तोंड उघडायचा.

सुचिता तेवीस वर्षांची होती आणि चार वर्षांपासून तिच्या मोठ्या आतड्यात जखमा होत्या. आधी लोक म्हणाले मूळव्याध, मग म्हणाले उष्णता, मग कोणी नजर काढून गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा कळलं, की तिच्या शरीरातली फौज तिच्याच आतड्यावर गोळ्या झाडून राहिली आहे. दिवसाला दहा वेळा, बारा वेळा, वाईट दिवसांत अठरा वेळा तिला उठावं लागे, आणि दर वेळी रक्त. बी.एस्सी. झाल्यावर तिला सौंसरच्या एका खाजगी शाळेत नोकरी लागली होती. पांढुर्णा ते सौंसर या रस्त्यावर कुठे उतरता येतं, कोणत्या ढाब्याच्या मागे दार आहे, कोणत्या पुलाखाली आडोसा आहे, हे तिला पाढे पाठ असावेत तसं पाठ होतं. एक दिवस कंडक्टरनं गाडी थांबवली नाही. काय झालं ते तिनं घरी कोणाला सांगितलं नाही, पण ओढणी कमरेला गुंडाळून ती दुपारीच परत आली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेली नाही. बोरगावचे लोक पाहायला आले होते, तेव्हा पोह्यांच्या वेळात ती चारदा उठली. पाहुण्यांनी पोहे संपवले आणि पुन्हा फोनही केला नाही. बरंच झालं, असं भिवाजी म्हणाला. पण त्या रात्री तो जेवला नाही.

औषधं झाली. गोळ्या झाल्या, तोंड सुजवणारी औषधं झाली, महागडी इंजेक्शनं झाली. प्रत्येक औषध दोन-चार महिने लढलं आणि हरलं. मे महिन्यात सुचिताचं वजन अडतीस किलो भरलं. तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. भिवाजी, जयवंता आणि रोशन. सुचिता बाहेर बाकावर बसली होती, बाथरूमच्या दाराजवळ.

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि त्यात पेननं पुष्कळ ठिपके दिले.

“हे जंतू. जंतू म्हटलं की आपल्याला रोग आठवतो, पण हे आपले आहेत. मोठ्या आतड्यात कोट्यवधी असतात. भाजी-भाकरीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो हे खातात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराचं अन्न तयार करतात. अस्तर धड ठेवतात. शरीराच्या फौजेला सांगतात, इथे शत्रू नाही, शांत राहा. सुचिताच्या आतड्यात हे चांगले जंतू फार थोडे उरलेत. ते गेले म्हणून रोग आला की रोग आला म्हणून ते गेले, हे आम्हालाही अजून नीट सांगता येत नाही.”

जयवंता सरसावून बसली. “मंग दही देऊ ना, साहेब! माह्या घरी विरजण आहे, माह्या सासूपासून चालत आलेलं. एक दिवस तुटू नाही दिलं.”

“सोसत असेल तर द्या. पण दह्यातले जंतू पाहुणे असतात, आई. येतात, दोन दिवस राहतात, निघून जातात. आपल्याला तिथे वस्ती करणारे पाहिजेत.”

आणि ते वस्ती करणारे कुठून आणायचे, ते त्यांनी सांगितलं. निरोगी माणसाचं शौच घ्यायचं, तपासायचं, पाण्यात कालवून गाळायचं आणि नळीनं सुचिताच्या आतड्यात सोडायचं. एकदा नाही, चार-पाचदा. भिवाजी ताडकन उठला आणि खोलीबाहेर गेला. रोशन खाली पाहत राहिला. जयवंता मात्र कागदावरच्या ठिपक्यांकडे टक लावून होती. तिचं उभं आयुष्य बागेत गेलं होतं. संत्र्याचं झाड कोणी बीपासून वाढवत नाही. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाला चीर द्यायची आणि चांगल्या, निरोगी झाडाचा डोळा, फुटायच्या बेतातला अंकुर, त्यात बसवून बांधायचा. ज्याला डिंक्या रोग लागला त्या झाडाचा डोळा कोणी घेत नाही.

“म्हणजे डोळा भरायचा,” ती म्हणाली.

डॉक्टरांचे वडील काटोलच्या संत्रापट्ट्यातले असावेत, कारण डॉक्टर चटकन समजून हसले. “अगदी तसंच. पण डोळा धरेलच असं नाही, आई. दहात तिघाचौघांना आराम पडतो. नाही धरला तर मोठं आतडं काढावं लागेल आणि पोटावर कायमची पिशवी येईल. ती वेळ फार लांब नाही. सप्टेंबरपर्यंत मी तिला कशीबशी ओढतो.”

दहात तीन-चार. भिवाजीनं ते ऐकलं असतं तर म्हणाला असता, यापेक्षा पावसाचा भरवसा बरा. जयवंतानं ते ऐकलं आणि त्या तिघाचौघांत आपली पोरगी बसवून टाकली. आई झालं की हिशेब असाच होतो, त्याला इलाज नाही.

आता निरोगी झाड कोणतं? भिवाजीला साखर होती, शिवाय तरुणपणी कावीळ झाली होती. जयवंताची दाढ नुकतीच काढली होती आणि तेव्हाच्या गोळ्यांनी ती बाद झाली. चुलतपुतण्या कुलदीपला विचारलं तर तो ऐकूनच अंगणात थुंकला आणि म्हणाला, “असं कायचं दान असते काकू, लोक काय म्हणतीन?” राहिला रोशन. त्याचं रक्त तपासलं, शौच दोनदा तपासलं, आणि दहा जूनला डॉक्टरांचा फोन आला. पोट सोन्यासारखं आहे, दहा सप्टेंबरला पहिली वेळ धरू. तोवर पथ्य पाळा. त्यांनी यादीच धाडली. ॲन्टीबायोटिकची एकही गोळी नको, तीन महिने कोरे हवेत, नाहीतर पोटातले चांगले जंतू मरतात आणि मग तीन महिने थांबल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. बाहेरचं खाणं नको. तंबाखू, खर्रा नको. गोंदवून घेणं नको. आजारी माणसाच्या घरी जाणं नको.

यादीत गोटमार नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांच्या यादीत ती कशी असणार?

पण जयवंताच्या मनात होती. गेल्या चैत्रात सुचिताला तीन बाटल्या रक्त चढवून घरी आणलं, तेव्हा ती एकटीच चंडीमातेच्या देवळात जाऊन बसली होती. पदर पसरून बोलली होती, “माह्या पोरीले रस्ता दाखव, माय. माह्या पोराच्या हातानं तुह्या नदीत पाच गोटे टाकीन.” पांढुर्ण्यात असे नवस बोलले जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव, दिवसभर एकमेकांवर दगड मारतात, जे झाड तोडून झेंडा नेतील ते जिंकले, हीच गोटमार. कोणी म्हणतं ही एका पळालेल्या जोडप्याची गोष्ट आहे, कोणी म्हणतं देवीचं मागणं आहे. मला विचाराल तर डोकं फुटलेल्याला दोन्ही गोष्टी सारख्याच. भिवाजीच्या कपाळावर एक खोक आहे. पस्तीस वर्षांपूर्वी त्यानं झेंड्याच्या झाडावर कुऱ्हाड मारली होती, आणि अजूनही लग्नात कोणी नवा पाहुणा भेटला की तो टोपी सरकवून ती खोक दाखवतो. पण या वर्षी त्यानं स्वतः बजावलं होतं, “आपल्या घरचा कोणी नदीवर नाही जाईन.”

रिपोर्ट आला त्या दिवशी जयवंता आनंदानं रडली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं कॅलेंडरवर पोळा शोधला. देवीनं रस्ता दाखवला होता. म्हणजे देवीचं देणं झालं होतं. गोटमार वर्षातून एकदाच येते, ती दहा सप्टेंबरच्या अठरा दिवस आधी येत होती, आणि नवस न फेडता पोराला नळीच्या त्या खोलीत नेलं तर डोळा धरेल कसा? रात्र रात्र तिनं हा विचार केला. एकीकडे डॉक्टरांची यादी, एकीकडे देवी. यादीतली प्रत्येक गोष्ट ती डोळ्यांत तेल घालून पाळत होती. मग देवीची एवढी एक का मोडायची?

पोळ्याच्या संध्याकाळी बैलांना ओवाळून झालं. भिवाजी पानठेल्यावर गेला होता, सुचिता आत पडली होती. जयवंतानं रोशनला गोठ्याकडे बोलावलं.

“उद्या नदीवर जाऊन येजो.”

रोशन पाहतच राहिला. “बाबा नाही म्हणतात ना?”

“बाबाले नोको सांगू. कोणालेच नोको सांगू. पाच गोटे टाकायचे, लांबून, कोणाले लागू नोको देऊ. देवीच्या पायावर डोकं ठेवायचं अन् परत यायचं. अर्ध्या घंट्याचं काम आहे. सुचीसाठी बोललो होतो.” 

“माय, लागलं तं?”

“पाच गोट्यांत काय लागते?”

तो हो म्हणाला. त्यानं तिला कधी नाही म्हटलं होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलदीप त्याला मोटारसायकलवर बसवून घरी घेऊन आला. रोशनच्या उजव्या नडगीला पांढरी पट्टी होती आणि पट्टीतून लाल यायला लागलं होतं. नदीकाठच्या सरकारी तंबूत सहा टाके घातले होते. “हाड दिसत होतं काकू,” कुलदीप जरा कौतुकानंच म्हणाला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं, गोळ्यांची पट्टी मात्र रोशननं परत केली होती. तंबूतल्या डॉक्टरला तो म्हणाला, मला ॲन्टीबायोटिक चालत नाही, अंगावर फोड येतात. इतकं साधं खोटं त्याला सुचलं याचा जयवंताला अभिमान वाटला. तिनं हळूच विचारलं, “पाच झाले?” आणि तो म्हणाला, “झाले.”

भिवाजी घरी आला तेव्हा त्यानं पायाकडे पाहिलं आणि मग पोराच्या तोंडाकडे.

“बहीण मरून राहिली अन् तू गोटे खेळून राहिला?”

रोशननं एकदाच आईकडे पाहिलं. जयवंता चुलीपुढे बसली होती. तव्यावरची भाकर उलटायची वेळ झाली होती, ती तिनं उलटली.

“मन झालं म्हून गेलो,” रोशन म्हणाला. “चूक झाली, बाबा.”

आतल्या खोलीत सुचितानं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती भावाशी बोलली नाही. जयवंताला तेव्हाच बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. पण तिनं मनाशी म्हटलं, दहा तारीख होऊन जाऊ दे, पोरगी बरी होऊ दे, मग हसत हसत सांगू.

पहिले दोन दिवस जखमेवर देवीची भभूती आणि हळद. तिसऱ्या दिवशी रोशनच्या अंगात ताप भरला. चौथ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजून चकचकीत झाला आणि जांघेत गाठ आली. रोशन दात खाऊन पडून राहिला आणि म्हणत राहिला, “काही नाही, उतरते.” जयवंतानं कडुलिंबाच्या पाण्यानं पाय शेकला. रात्री त्यानं बरळायला सुरुवात केली, तरी तिनं सकाळ होऊ दिली. हे तिचं तिलाच ठाऊक आहे, की ती रात्र तिनं एका लेकरासाठी दुसऱ्याला जाळून काढली.

पांढुर्ण्यातल्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि नर्सला सलाईन आणायला सांगितलं.

“डॉक्टरसाहेब,” जयवंता म्हणाली, “पंधरा दिवस थांबता नाही येईन का? दहा तारखेनंतर काय द्यायचं थे द्या.”

डॉक्टरांनी सुजलेल्या पायावर बोट दाबलं. “बाई, हे रक्तात चाललंय. पंधरा दिवस कशाचे, उद्या संध्याकाळ दिसेल का ते सांगता येत नाही. देऊ की नको?”

एका खाटेवर रोशन होता, डोळे अर्धे उघडे. घरी दुसऱ्या खाटेवर सुचिता होती. जगात कोणत्याही बाईला हा प्रश्न कोणी विचारू नये. जयवंता म्हणाली, “द्या,” आणि बाटलीतला पहिला थेंब नळीत उतरताना तिनं पाहिला. त्या थेंबासरशी पावसाळाभराची भाकर, वरण, केळी, ताक सगळं वाहून गेलं. पाच दिवस सुया, मग गोळ्या. शेवटची गोळी सहा सप्टेंबरला संपली. पाय वाचला. रोशन वाचला. त्याचं पोट मात्र गेलं.

नागपूरला फोन रोशननंच केला. त्यानं काहीच लपवलं नाही, तो म्हणाला, मी गोटमारीत गेलो होतो. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “सहा डिसेंबरनंतर पुन्हा तपासू. तोवर ती टिकली तर.”

जयवंतानं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सहा डिसेंबरभोवती कुंकवाचं बोट फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं रोशनच्या ताटात पुन्हा मूग, पालेभाजी आणि ताक वाढायला सुरुवात केली. उजाड झालेली वस्ती पुन्हा वसवायची होती.

पण सुचिताचं आतडं कॅलेंडर पाहत नव्हतं. गणपती गेले तेव्हा ती दिवसाला वीस वेळा उठत होती. नवरात्रात तिला उठणंच होईना. दसऱ्याच्या चौथ्या दिवशी तिचं पोट फुगून दगडासारखं घट्ट झालं आणि तिला रात्रीच्या गाडीनं नागपूरला नेलं. डॉक्टरांनी भिवाजीला बाजूला घेतलं. आतडं आता फाटायच्या बेतात आहे. दहा दिवसांचा प्रश्न नाही, तासांचा आहे. भिवाजीनं सही केली. सहीच्या खाली तारीख घालताना त्याला तारीख आठवेना, ती शेजारच्या माणसानं सांगितली.

मोठं आतडं काढलं. सगळं. ऑपरेशननंतर एका तरुण डॉक्टरनं ते ट्रेमध्ये आणून दाखवलं, घरच्यांना दाखवायची पद्धत असते म्हणून. जयवंतानं पाहिलं. लाल, सोललेलं, जागोजागी चिरलेलं. इथेच ती वस्ती बसवायची होती.

दिवाळी दवाखान्यातच गेली. नोव्हेंबरात सुचिताला घरी आणलं. तिच्या पोटाच्या उजव्या बाजूला आता एक तांबडं तोंड होतं आणि त्यावर पिशवी. पिशवी कशी रिकामी करायची, कशी धुवायची, कडेची कातडी सोलली तर काय लावायचं, हे ती चार दिवसांत शिकली. हुशार पोरगी होती. रक्त थांबलं होतं, वजन दोन किलोनं वाढलं होतं, आणि दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं, की अशा बायका नोकऱ्या करतात, लग्नं करतात. सुचितानं ते ऐकून घेतलं. घरी आल्यावर तिनं शाळेच्या साड्या एका गाठोड्यात बांधल्या आणि गाठोडं माळ्यावर टाकायला लावलं. रोशनशी ती अजूनही बोलत नव्हती. तो खोलीत आला की ती भिंतीकडे तोंड करायची. तो दारातूनच परत जायचा, आणि जयवंता हे रोज पाहायची.

आणि तरीही जयवंता त्याचं पोट राखत होती. का, ते तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात थांबत नव्हता एवढंच. रोशनही मुकाट्यानं खात होता. आईला नाही म्हणायचं त्याला अजूनही जमलं नव्हतं.

सहा डिसेंबर उजाडला. अंगणात कोवळं ऊन होतं. सुचिताची खाट बाहेर आणली होती. बागेत मृगाच्या बहाराची फळं पोसत होती आणि भिवाजी व्यापाऱ्याला बाग दाखवून नुकताच परतला होता. ओसरीवर रोशनचं ताट वाढलेलं होतं. भाकर, मूग, केळं, ताक.

सुचितानं खाटेवरून स्वयंपाकघराच्या दारातून कॅलेंडरकडे पाहिलं. मग ताटाकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “टेशनावरून समोसे आणता का?”

भिवाजीला वाटलं पोरीला खावंसं वाटलं. तो चपला न घालताच गाडीला किक मारून गेला. वीस मिनिटांत तो कागदात चार समोसे घेऊन आला, गरम. सुचिता एक हात पोटावर ठेवून हळूहळू उठली, ओसरीपर्यंत चालत आली आणि तिनं दोन समोसे रोशनच्या ताटात, मुगाच्या वरणाशेजारी ठेवले.

“खा, दादा.”

तीन महिन्यांतला तिचा पहिला शब्द होता. रोशनचे डोळे भरले.

“आजपासून तुहं पोट साफ आहे,” सुचिता म्हणाली. “पण थे आता कोणाले नाही पाहिजे. म्हून खाऊन घे.”

रोशननं समोसा उचलला नाही. त्यानं सवयीनं आईकडे पाहिलं, खाऊ का म्हणून. ती चुलीपुढे बसली होती त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. ती नजर पाहून जयवंता ताटापाशी येऊन बसली.

“म्याच धाडलं होतं त्याले,” ती म्हणाली. “नदीवर. तो नव्हता जाऊन राहिला. म्या नवस बोलला होता तुह्यासाठी. तो तुह्या बापाचे बोल खात राहिला, तुहा राग खात राहिला, अन् मी चुलीपुढं बसून राहिलो.”

भिवाजी ओसरीच्या कडेला बसला. त्याचा हात कपाळावरच्या खोकेवर गेला आणि तिथंच राहिला. सुचिता भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच पाहवत नव्हतं.

“काय बोलली होती?” तिनं विचारलं.

“पाच गोटे. त्याच्या हातानं.”

सुचितानं भावाकडे पाहिलं. “टाकले?”

रोशन ताटाकडे पाहत म्हणाला, “तीन. चौथा उचलाले वाकलो अन् लागला.” मग आईला म्हणाला, “तुले उगाच पाच सांगितले, माय. तुह्या जिवाले बरं वाटावं म्हून.”

आणि जयवंताच्या मनात, पोरीचं पोट आठवायच्या आधी, पोराचा पाय आठवायच्या आधी, पहिला विचार आला तो हा, की दोन राहिले. पुढचा पोळा कधी आहे, हे मोजायला तिची बोटंसुद्धा हलली. मग तिला कळलं आपण काय मोजत आहोत, आणि तिनं तो हात दुसऱ्या हातानं दाबून धरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

सुचितानं ती बोटं पाहिली होती. ती लेकीच्या नात्यानं नाही, रागानंही नाही, शाळेत एखाद्या मंद मुलाला विचारावं तशा हळू आवाजात म्हणाली,

“टाकजो दोन, माय. पण आता काय मागशील तिले?”

सुचिता आपल्या खाटेकडे परत गेली. रोशननं समोसा तोडला आणि खायला लागला, सावकाश, चव नसल्यासारखा, आणि जयवंता त्याच्या तोंडाकडे पाहत बसून राहिली.